बारा हिरवी मॉडेलं आणि एक बादली

सर्व पालक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, स्कूल बसचे चालक आणि गेटवर बसणारे मामा यांना अत्यंत गांभीर्याने व संपूर्ण जबाबदारीने कळविण्यात येते की, पिवळ्या ऑइलपेंटचा टिपका ही आमच्या शाळेची अधिकृत खूण नाही. ती कधीही नव्हती. भरल्या हॉलमध्ये, परीक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून, ती तशी आहे असे ज्या शिक्षिकेने ठणकावून सांगितले, ती शिक्षिका मीच. सदर निवेदन करण्यास उशीर झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. फारशी नाही, पण आहे.

आता सविस्तर.

मी मराठी शिकवते, आणि तेही इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत. त्यामुळे मला वर्गात काम कमी आणि वर्गाबाहेर भरपूर. पाहुण्यांचं स्वागत, रांगोळी, गॅदरिंगचं निवेदन, शाल-श्रीफळाचं ताट, हे सगळं माझ्याकडे. माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, ही माझी मुख्य शैक्षणिक पात्रता. शाळा तालुक्याच्या गावाबाहेर, तुरीच्या शेतांना लागून. चार पिवळ्या बस. एक केनवडकडची मुलं आणते, एक शिरपूरकडची, बाकी दोन मधल्या खेड्यांवर फिरतात. आवारात इंग्रजीच बोलायचं असा प्रिन्सिपल मॅडमचा नियम आहे. मुलं वर्गाच्या दारात 'मे आय कम इन' म्हणतात आणि मैदानावर 'काऊन बे, मले काऊन ढकललं?' म्हणतात. पडलं की सगळी वऱ्हाडीतच रडतात. रडण्याचं इंग्रजी आमच्याकडे अजून सुरू झालेलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर विज्ञानाचे सर दुसऱ्या शाळेत निघून गेले आणि डिसेंबरातलं विज्ञान प्रदर्शन डोक्यावर आलं. प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, प्रदर्शन तुम्ही सांभाळा."

"मॅडम, मी मराठीची."

"टेबलं तर मांडता येतील ना?"

टेबलं मांडता येत होती. अशा रीतीने विज्ञान माझ्याकडे आलं.

प्रदर्शनाचा शिरस्ता असा: सातवी-आठवीच्या मुलांनी मॉडेल बनवायचं, बाहेरचे परीक्षक येऊन एकच मॉडेल निवडणार, आणि ते एक मॉडेल, बनवणाऱ्या विद्यार्थ्यासह, वाशिमला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार. आता मुलांनी मॉडेल बनवायचं हे वाक्य किती खरं असतं ते कुठल्याही पालकाला विचारा. मुलं मॉडेलचं नाव ठरवतात. बाकीचं घरातली मोठी माणसं पाहतात, आणि घरात कोणाला जमलं नाही तर बाहेर माणूस शोधतात.

तो माणूस कुठे असतो हे मला ठाऊक होतं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोटर वाइंडिंगचं एक दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटरी, पंखे, कूलर, मिक्सर, जे फिरतं आणि फिरायचं थांबतं ते सगळं तिथे येतं. दुकानदाराला सगळं गाव चाचा म्हणतं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा मुसलमान माणूस. चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. तार पाहून लोक म्हणतात, 'चाचा, चष्म्यालेही वाइंडिंग केलं काय?' तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.

त्याची एक पद्धत होती. मोटरीत नवी तार भरून झाली, हिरवा रंग मारून झाला, की ती उलटी करायची आणि बुडाला पिवळ्या ऑइलपेंटचा एक टिपका द्यायचा. मी माझा मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले तेव्हा तो एका शेतकऱ्याला सांगत होता, "मोटर वापस आली का मी पह्यले उलटी करून पाह्यतो. टिपका असन तं काम आपलं, जिम्मेदारी आपली. टिपका नसन तं मंग कोनाचं पाप हाय ते तुमी पाहा."

त्याच दिवशी फळीवर मला एक छोटी पवनचक्की दिसली. सहज बनवली होती म्हणे, मोटर तपासायला. बटण दाबलं की पाती फिरायची आणि खालचा दिवा लागायचा. मला ती इतकी आवडली की दुसऱ्याच दिवशी दवाखान्यावाल्या डॉक्टरीणबाई मुलाच्या मॉडेलची चिंता करत आल्या, तेव्हा मी त्यांच्या कानात चाचाचा पत्ता सांगितला. "कोणाला सांगू नका हं," असंही म्हणाले. मग कापड दुकानवाल्यांच्या सूनबाई आल्या. त्यांनाही कानातच सांगितला. मग केनवडच्या बसमधल्या एका मुलाचे वडील. मग आणखी कोणी. मी एकूण बारा कानांत सांगितला आणि बाराही जणांना कोणाला सांगू नका म्हणाले. बाराही जणांनी माझा शब्द पाळला, इतके ते सज्जन. त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की चाचाकडे जाणारे आपण एकटेच.

चाचानेही कोणाचं कोणाला कळू दिलं नाही. धंद्याची सचोटी म्हणून प्रत्येकाला वेगळं मॉडेल द्यायचं त्याने ठरवलं. मात्र माणूस मोटरीचा. त्याला विषय कोणताही द्या, त्यात मोटर बसायचीच. पवनचक्की ठीक. लिफ्ट ठीक. धरणही ठीक. पण त्याने सूर्यमाला मोटरीवर फिरवली, मानवी हृदयात पंप घातला आणि ज्वालामुखीचा लाव्हा खालच्या डब्यातून मोटरीने वर चढवला. सगळ्यांना रंग एकच, मोटरीचा हिरवा, कारण दुकानात तोच होता. हिरवं हृदय मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आणि त्याच दुकानाच्या कोपऱ्यात, जळक्या मोटरींच्या खोक्यावर बसून, त्याची मुलगी तेरावं मॉडेल बनवत होती.

ती आमच्याच शाळेत, सातवीत. शाळेची बस तिला स्टँडवर सोडायची आणि अब्बू दुकान बंद करेपर्यंत ती तिथेच अभ्यास करायची. अभ्यास म्हणजे दोन गणितं आणि मग पेचकस. आदल्या वर्षी प्रदर्शनात तिने नुसता तक्ता लावला होता आणि दिवसभर दाराजवळच्या टेबलाशी उभी होती. तक्त्याला कोणी काही विचारत नाही. यंदा तिने मला मधल्या सुट्टीत गाठून सांगितलं होतं, "मॅडम, मले वाशिमले जायचं हाय. तिथं मॉडेल खोलून दाखवा लागते म्हणे. आतून. सगळ्याईसमोर."

वाशिमला जाऊन मुलं सहसा आइस्क्रीम खातात. हिला तिथे स्क्रू काढायचे होते.

तिचं मॉडेल म्हणजे एक बादली. दुकानातलीच, कडेला रंगाचे ओघळ असलेली. ती फळीवर बसवलेली, आत पाणी, पाण्यात एक लहान पंप, जो पाणी उचलून वरच्या डब्यात टाकायचा, आणि पाण्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत होता, त्याला तांब्याची पट्टी. पाणी खाली गेलं की तुकडा खाली यायचा, पट्टी सुटायची आणि पंप बंद. पाणी वाढलं की पट्टी टेकायची आणि पंप चालू.

"याचा उपयोग?" मी विचारलं. पुढे प्रदर्शनात मीच त्या विषयाची तज्ज्ञ म्हणून फिरणार होते, त्यामुळे माहिती गोळा करत होते.

"विहिरीचं पानी सरते अन् मोटर कोरडीच फिरत राह्यते मॅडम. मंग जळते. हे लावलं का जळनारच नाही."

चाचा माझा मिक्सर पुसता पुसता म्हणाला, "पाह्यलं मॅडम? मोटर जळनार नाही म्हनते. मंग आपल्या दुकानात येईन कोन? पोट्टी घरात राहून माह्या धंद्यावर उठली!" आणि इतका खूश होऊन हसला की चष्मा घसरला.

मग आवाज खाली आणून माझ्याकडे झुकला. "एक इस्क्रू तिरपा बसला हाय तिचा. तो सरळ केला का काम झालं. पन हात लावू देत नाही."

मुलीने मान वर केली नाही. "अब्बू, बोलूही नका."

"बोललो कुठं? मी मॅडमले मिक्सरचं सांगून राह्यलो."

"मिक्सरले इस्क्रू तिरपा नसते."

बारा घरांची मॉडेलं बनवणारा तो माणूस आपल्या पोरीच्या एका तिरप्या स्क्रूकडे लांबून पाहत बसायचा. हात लावायचा नाही अशी तिची अट होती, आणि त्याने ती पाळली. मिक्सर घेऊन निघताना मी पाहिलं, त्याने धरणाचं मॉडेल वाळलं की नाही ते बोटाने तपासलं, उलटं केलं आणि सवयीने पिवळ्या डब्यात ब्रश बुडवला. टिपका दिला. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी मराठीची.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मॉडेलं आली. मोटारसायकलवर जुन्या साडीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर धरून, एक तर शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून. साड्या सुटल्या, वर्तमानपत्रं निघाली, आणि हॉलमध्ये एकेक करून बारा हिरव्या वस्तू टेबलांवर उभ्या राहिल्या. बाकीच्या मुलांचे भिंतीवर नुसते तक्ते. तीच प्लायवूडची फळी, तेच गोल केलेले कोपरे, तेच लाल बटण. डॉक्टरीणबाईंनी कापडवाल्या सूनबाईंच्या टेबलाकडे पाहिलं. सूनबाईंनी केनवडच्या टेबलाकडे पाहिलं. केनवडच्या गृहस्थांनी छताकडे पाहिलं. मग बाराही घरांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी तातडीने फुलदाणी सरळ करायला गेले.

पालकांना दोरीच्या मागे उभं केलं होतं. त्यात चाचाही होता, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, कारण तोही पालक होता. आपल्या बारा गिऱ्हाइकांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. ओळखच दाखवली नाही. असा नट आमच्या गॅदरिंगला मिळाला असता तर मी धन्य झाले असते.

परीक्षक वाशिमहून आले. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, हातात फाइल, गळ्यात दोरीला चष्मा. पहिल्या टेबलाशी डॉक्टरांच्या मुलाने डोळे मिटून सुरू केलं, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर, माय मॉडेल इज विंडमिल." भाषण संपलं. परीक्षकांनी बटण दाबलं, पाती फिरली. मग त्यांनी पवनचक्की उचलली आणि उलटी केली.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो माणूस प्रत्येक वस्तू उलटी करून पाहणारा होता.

दुसऱ्या टेबलावर लिफ्ट उलटी केली. तिसऱ्यावर हृदय. चौथ्यावर ज्वालामुखी उलटा करताना लाव्हा त्यांच्या बाहीवर आला, तरी त्यांनी बुडाकडे निरखून पाहिलंच. पाचव्या टेबलाशी ते थांबले, मागे गेले, पुन्हा पवनचक्की उलटी केली आणि हॉलमध्ये सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "हा पिवळा टिपका प्रत्येकाच्या खाली कसा?"

डॉक्टरांच्या मुलाचं भाषण तिथपर्यंत पाठ नव्हतं. तो म्हणाला, "थँक यू, सर."

प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. बारा घरं माझ्याकडे पाहू लागली. बारा मॉडेलं एका हाताची निघाली असती तर प्रदर्शन तिथेच गुंडाळावं लागलं असतं, आणि तो हात कोणी दाखवला तेही निघालं असतं. मी दोन पावलं पुढे आले, पदर सारखा केला आणि गॅदरिंगच्या आवाजात म्हणाले, "सर, ती शाळेची खूण आहे. ज्या मॉडेलची रीतसर नोंदणी झाली, त्याच्याखाली आम्ही पिवळा टिपका देतो. गैरप्रकार नको म्हणून."

परीक्षकांचा चेहरा उजळला. "उत्तम पद्धत! हे मी जिल्ह्याला सुचवीन."

दोरीमागून बारा श्वास सुटल्याचा आवाज आला. प्रिन्सिपल मॅडमनी ही पद्धत आपणच सुरू केल्यासारखी मान हलवली. मी इतकी खूश झाले की पुढच्या टेबलांकडे माझं लक्षच राहिलं नाही. परीक्षक दाराजवळच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचले तेव्हा कुठे मी तिकडे वळले.

तिथे बादली होती.

"गुड मॉर्निंग सर," मुलगी म्हणाली. दोन वाक्यं इंग्रजीत बोलली, तिसऱ्याला अडली, मग सरळ मराठीत आली. परीक्षकांनी प्लास्टिकचा मग घेऊन बादलीतलं पाणी काढलं, पंप थांबला. पाणी ओतलं, पंप सुरू. पुन्हा काढलं. पुन्हा ओतलं. त्यांना खेळच मिळाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला.

"हा स्क्रू तिरपा का?"

"सरळ बसवला तर पट्टी अडकते, सर. म्हणून मुद्दाम तिरपा."

मी दोरीमागे पाहिलं. चाचाचं तोंड उघडं राहिलं होतं. पंधरा दिवस तो ज्या स्क्रूकडे पाहत बसला होता, तो बरोबर होता.

परीक्षक फाइल उघडून लिहू लागले. अर्ध्या ओळीवर थांबले. फाइल टेबलावर ठेवली, गुडघ्यावर बसले, आणि दोन मुलांना बादलीची फळी वर उचलायला लावून खालून पाहिलं. इकडून पाहिलं. तिकडून पाहिलं. उठले.

"याला खूण नाही."

"मॅडम," ते मला म्हणाले, "नोंदणी झालेली नाही का याची?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगावं तर बारा मॉडेलं बाद, मी बाद. गप्प बसावं तर ही बाद.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "मॉडेल चांगलं आहे बेटा. पण नोंदणी नसेल तर मी ते जिल्ह्याला पाठवू शकत नाही. तुमच्याच शाळेची पद्धत आहे."

आणि मग त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. पिवळा टिपका ती रोज पाहत होती. मी खोटं बोलले हे तिला पाचव्या टेबलालाच कळलं होतं. एक वाक्य बोलली असती तर वाशिमला गेली असती. पण ते वाक्य अब्बूच्या गिऱ्हाइकांचं गुपित होतं. ती पंपाची वायर काढून हळूहळू गुंडाळायला लागली.

पुढचं सगळं आताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला मध्येच बोलायचं काम पडणार नाही. परीक्षक मटकन खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बादली वाशिमला गेली. तिने ती सगळ्यांसमोर खोलून दाखवली, प्रत्येक स्क्रू ओळीने मांडून. बक्षीस मिळालं नाही, आणि परत आल्यावर ते तिने सांगितलंही नाही, मीच विचारलं. बारा घरांनी महिनाभर माझा नमस्कार घेतला नाही. आता मॉडेलं शाळेतच, वर्गात बसून बनवतात, आणि ती सगळी भयंकर दिसतात. मी मराठीकडे परतले.

पण त्या क्षणी हॉलमध्ये फक्त वायर गुंडाळल्याचा आवाज होता. मी अजून तोंड उघडं ठेवून उभी होते. तेवढ्यात दोरी ताणली गेली, तिचा एक खुंटा आडवा झाला, आणि इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातलेला तो माणूस, ज्याने बारा घरांचं गुपित इतके दिवस पोटात ठेवलं होतं, तो दोन्ही हात वर करून ओरडला:

"खूण असन कशी साहेब? ते बाराच्या बारा म्या बनवले, हे एकच तं म्या नाही बनवलं!"